टिपला, पण खाल्ला नाही

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा: 'कुक्कुटपालन क्षेत्रातील शिक्षण, पात्रता आणि संधी'. आपल्या भागातल्या पोरांना उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा, म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हापासून मी टेबलाशी बसते, चार ओळी लिहिते आणि उठते. अंगणात एक चक्कर मारते, चहा ठेवते, तो उतू जायच्या आत पुन्हा टेबलाशी येते आणि पुन्हा उठते. आमच्या घरच्यांनी परवा शेरा मारला, की खुडूक कोंबडी निदान एका जागी बसते तरी, तुझं तर अंडं घालायला जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखं चाललंय. हा माणूस जन्मभर शाळेत गणित शिकवत होता. माझ्या सहवासात एवढं ज्ञान त्यालाही झालं आहे.

बसवत नाही हे खरं. नोकरीत असतानाही बसवत नव्हतं, आणि तेव्हा तो गुण समजला जायचा. अजून घरातला पंखा थांबला की मी उठून उभी राहते. बंदिस्त शेडमध्ये हजारो पक्षी असतात. उन्हाळ्यात वीज गेली आणि पंखे थांबले, तर बघता बघता सगळी शेड आडवी होते. ही धास्ती अंगात मुरलेली आहे. आता माझ्या घरात एकही कोंबडी नाही, तरी उठते.

संपादकांचं देणं आधी चुकतं करते. कोंबडीच्या धंद्यात पुढच्या दारानं डॉक्टर येतात, पशुवैद्यकाची पदवी घेतलेले. ते रोग ओळखतात, मेलेला पक्षी फाडून बघतात, औषध लिहून देतात. मागच्या दारानं बाकी सगळे येतात, शेडमध्ये तूस पसरणारे आणि पाण्याची भांडी घासणारे. अधेमधे आमच्यासारखे पदविकावाले असतात. आम्ही मोटरसायकलवर या शेडहून त्या शेडला हिंडतो, पक्ष्यांचं वजन करतो, लस टोचतो आणि शेतकऱ्याची बोलणी खातो. याखेरीज अंडी उबवायचे कारखाने आहेत, त्यांना हॅचरी म्हणतात. खाद्याचे कारखाने आहेत, औषधं विकणाऱ्या कंपन्या आहेत. तूस पसरणारा पोरगा डोळे उघडे ठेवून राहिला तर काही वर्षांत सुपरवायझर होतो, पुढे स्वतःची शेड टाकतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पोरींचं मात्र असं होताना फार पाहिलं नाही. शेड झाडायला बाई चालते, शेडची किल्ली तिच्याकडे द्यायची म्हटलं की सगळ्यांना तिची घरची कामं आठवतात.

मी कशी शिरले, तर खिडकीतून. वडील राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत होते. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट पक्की होती, की पोरांनी शिकायचं. काय शिकायचं याबद्दल वडिलांचा आग्रह नव्हता. पशुसंवर्धनाच्या पदविकेला नाव लागलं, तेव्हा शेजारचे हसले. वडील म्हणाले, शिकायले भेटून राह्यलं ना, मंग कोंबडीचं का असेना. पुढे लग्नाच्या बैठकीत पोरगी काय करते असं विचारलं, की आई म्हणायची नोकरी करते, आणि विषय बदलायची. गणिताच्या मास्तरांनी तेवढं खोदून विचारलं, मी सगळं सांगितलं, आणि मग त्यांनी कोंबडी अंडं देताना ओरडते का देऊन झाल्यावर ओरडते, एवढंच विचारलं. देऊन झाल्यावर, मी म्हटलं. तिथे जमलं.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका कोंबडी कंपनीत होते, तेव्हाच्या एका माणसाची गोष्ट मी पुढे प्रत्येक वर्गात सांगत आले. राजुऱ्याजवळ एका खाणीतून निवृत्त झालेल्या भाऊंनी करारावर शेड घेतली होती. करार म्हणजे कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषध देते, शेतकऱ्याची जागा आणि मेहनत, आणि पक्षी वाढले की कंपनी घेऊन जाते. भाऊंची पहिलीच खेप, दिवस थंडीचे. मी गेले तर पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. पिल्लं अशी ढीग करतात तेव्हा त्यांना थंडी वाजते आणि खालची गुदमरून मरतात. आम्ही बाजूच्या जाळ्यांना पोत्यांचे पडदे लावायला सांगितलेलं असतं. भाऊंनी पडदे शिवले होते, चांगले शिवले होते, आणि सगळे वर गुंडाळून ठेवले होते. मी ते खाली सोडले. दुसऱ्या दिवशी गेले तर पुन्हा वर. मी चिडले, अडाणीपणा की काय म्हणून बोलले. भाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, मी जमिनीखाली जन्म काढला. कोंडलेल्या हवेत माणूस कसा जाते ते मी पाह्यलं हाय. ह्या पिल्लाइले मी कोंडणार नाई."

यावर कोणत्या पुस्तकात उत्तर आहे? मी भाऊंना म्हटलं, तुम्ही पिल्लाएवढे व्हा. ते तुसावर बसले, मग आडवे झाले, गाल जमिनीला टेकवून. पोटरीएवढ्या उंचीवरून जो गार झोत येत होता तो त्यांच्या तोंडावर आला. उभ्या माणसाला तो लागत नाही. थोडा वेळ ते तसेच पडून राहिले, मग उठून त्यांनी पडद्यांचा खालचा भाग बंद केला आणि वरचा उघडा ठेवला. हवाही राहिली आणि झोतही गेला. त्यांची शेड पुढे कितीतरी वर्षं त्या पट्ट्यात नावाजलेली होती, आणि त्याचं श्रेय मी अधूनमधून घेत असते.

पुढे कंपनी सोडून मी गडचिरोलीकडच्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागले. गोंडपिपरीपासून एटापल्लीपर्यंतची पोरं-पोरी यायची. अर्ज खूप आणि जागा थोड्या, म्हणून आधी निवड व्हायची. आमच्या कार्यालयात तिला निवड कोणी म्हणत नसे, छाटणी म्हणत. पहिल्या दिवशी मी काहीच शिकवत नसे. सगळ्यांना पिल्लांच्या खोलीत नेऊन बसवायची आणि गप्प राहायला सांगायची. सुखात असलेली पिल्लं बारीक आवाजात बोलत असतात आणि खोलीभर पसरलेली असतात. थंडी वाजली की ढीग करतात, उकडलं की भिंतीला चिकटून चोच वासतात, तहान लागली की आवाज तीक्ष्ण होतो. पहिल्या दिवसाचा दुसरा धडा गळ्याचा. कोंबडी दाणा गिळते तो सरळ पोटात जात नाही, गळ्याखाली एक पिशवी असते तिच्यात साठतो. पिल्लू हातात घ्यायचं आणि अंगठ्यानं ती पिशवी अलगद दाबायची. रिकामी असेल तर पिल्लाला खाद्य सापडलेलं नाही. कडक असेल तर खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही. मऊ आणि भरलेली असेल तर ठीक. माझी पोरं परीक्षा झाल्यावर पुस्तक विसरत असतील, पण हा अंगठा विसरत नाहीत.

संपादकांच्या विषयातल्या 'संधी' या शब्दाशी माझी गाडी अडते, ती रैनीमुळे. रैनी एटापल्ली तालुक्यातली, आत जंगलात गाव. वडील नव्हते. घरात आई, आजा आणि काका, आणि काका गावचे गायता, म्हणजे देवाचं करणारे पुजारी. बारावी झालेली, अंगानं बारीक, वर्गात शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसायची. पहिल्या दिवशी सगळी पोरं पिल्लांच्या खोलीत चुळबूळ करत होती, ही एकटी स्वस्थ. मला स्वस्थ माणसांचं नेहमीच कौतुक वाटत आलंय, मी स्वतः तशी नसल्यामुळे असेल. तिचा हात फार हलका होता. लस टोचताना तिच्या हातातलं पिल्लू ओरडायचं नाही. पण ती हुशार होती म्हणून मी तिच्या मागे लागले असं नाही. मी मागे लागले, कारण इतक्या वर्षांत माझी एकही पोरगी हॅचरीत लागली नव्हती. पोरं लागली होती. पोरींना हॅचरीवाले घेत नव्हते, आणि घेतलं तर घरचे पाठवत नव्हते. मला एकदा तरी ते घडवून आणायचं होतं.

अभ्यास दौऱ्यात आम्ही नागपूरकडच्या एका हॅचरीत गेलो. तिथलं काम असं: अंडी मोठ्या कपाटांत ठेवतात, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडतात आणि लांब टेबलावर येतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. प्रत्येक पिल्लू उचलायचं, क्षणभर बघायचं आणि ठरवायचं. पाय सरळ, बेंबी मिटलेली, डोळे उघडे, चोच नीट, म्हणजे ते खोक्यात. नाहीतर बाजूच्या निळ्या पिंपात. याला तिथे छाटणीच म्हणतात. व्यवस्थापकांनी आमच्या पोरांना हात लावून बघायची परवानगी दिली. बाकीची भांबावली. रैनीचे हात असे चालू लागले की शेजारचा जुना माणूस मान वळवून बघायला लागला. तिचं एकही पिल्लू चुकीच्या जागी गेलं नाही. व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही पोरगी येईल का. पगारी, कायम, राहायला वसतिगृह, दोन-तीन वर्षांत पाळीची, म्हणजे शिफ्टची, मुख्य. मला वाटलं, माझ्या छातीत कोणीतरी पेढ्यांचं दुकान उघडलं.

तेवढ्यात रैनीनं मला विचारलं, "बाई, पिंपातल्या पिल्लाइचं काय करतात?" मी म्हटलं, ते त्यांचं ते बघतात. ते काय करतात हे मला माहीत होतं. अशी पिल्लं जगत नाहीत, आणि जगली तरी शेतकऱ्याच्या शेडमध्ये रोग नेतात, म्हणून ती तिथेच संपवतात. धंद्यात ते करावंच लागतं आणि त्यात मला आजही चूक दिसत नाही. पण मी घाईत होते, व्यवस्थापकांशी बोलत होते. परतीच्या गाडीत मी तिच्याशेजारी बसून वसतिगृह, भविष्य निर्वाह निधी, बढती हे सगळं बोलत राहिले. ती खिडकीतून बाहेर बघत होती. आनंदानं हिला बोलवत नाही, असं मी सोबत आलेल्या आमच्या केंद्रातल्या बाईंना सांगितलंसुद्धा.

कोर्स संपला, रैनी पहिल्या श्रेणीत पास झाली. हॅचरीचा निरोप आला, कधी येते कळवा. मग रैनीचा फोन आला, की घरचे म्हणतात पेनाला विचारल्याशिवाय पोरगी इतक्या लांब पाठवणार नाही. पेन म्हणजे त्यांचा देव. मी विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. ती म्हणाली, "विचारतील, बाई. तुमी या." मला तिच्या आवाजात काही वेगळं ऐकू आलं नाही. पिल्लांच्या आवाजावर भाषणं देणारी मी, पण फोनमध्ये मला काही ऐकू आलं नाही.

मी बौद्धाची. आमच्या घरी कौल नाही, नवस नाही, कोंबडं-बकरं नाही. जावं की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी मास्तर म्हणाले, देवाला विचारायला नाही, पोरीच्या घरच्यांना भेटायला जा. तो रस्ता मला पटला. थंडीचे दिवस होते. एटापल्लीहून सकाळच्या गाडीनं निघाले आणि फाट्यापासून चालत गावात पोचले. रैनीच्या आईनं गूळ-पाणी दिलं. मी गायताकाकांना आधीच सांगून टाकलं, की मी पाया पडणार नाही, पण चपला काढून उभी राहीन. ते म्हणाले, "उभ्या राहा ना, बाई. पेन काई हाजरी घेत नाई." त्या क्षणी मला तो माणूस आवडला.

त्यांची रीत अशी. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली पेनाची जागा. तिथे जमीन सारवतात, पळसाच्या पानावर थोडे तांदूळ ठेवतात आणि कोंबडा समोर सोडतात. त्यानं दाणे टिपून खाल्ले, तर पेनाचा होकार, आणि तो कोंबडा पेनाचा झाला. नाही खाल्ले, तर नकार, आणि कोंबडा घरी परत. रैनीच्या नोकरीचा निर्णय या पानावर होणार होता. एरवी मी यावर भाषण दिलं असतं. पण माझ्या मनात दुसराच हिशोब चालू होता. टोपलीत झाकून आणलेला, रीतीप्रमाणे सकाळपासून उपाशी ठेवलेला कोंबडा तांदूळ समोर दिसल्यावर खाणार नाही तर काय करणार? नव्वद टक्के खातो. म्हणजे पोरीची नोकरी पक्की. कौल मी मानत नाही, पण कोंबडा मानते. मी निर्धास्त होते.

टोपली रैनीच घेऊन आली. कोंबडा तिनेच वाढवलेला, तांबडा, उंच, काळ्या शेपटीचा. काकांनी त्याला बाहेर काढून हातावर धरला आणि तो वळला तसा मला त्याचा गळा दिसला. छातीच्या उजव्या बाजूला पिशवी तट्ट फुगलेली. पिसं बाजूला झाली होती आणि आतली कातडी ताणून चकाकत होती. सकाळपासून उपाशी? याला कोणीतरी थोड्या वेळापूर्वी भरपेट चारलं होतं, जेवढं मावेल तेवढं. मला आधी वाटलं, गलथानपणा. कोणा पोराटोरानं मूठभर टाकलं असेल. मग मी रैनीकडे बघितलं. ती कोंबड्याकडे बघत नव्हती. ती पळसाच्या पानाकडे बघत होती, आणि तिच्या ओढणीच्या टोकाला कणकीचे पांढरे दाणे चिकटलेले होते. तांदळाच्या चुऱ्याला इकडे कणकी म्हणतात आणि कोंबड्यांना तोच चारतात.

मी जागच्या जागी चुळबुळले. त्या माणसांच्या गोलात गळ्याची पिशवी वाचता येणारी दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीला मीच ती वाचायला शिकवलं होतं. हिला जायचं नाही. हॅचरी नको, वसतिगृह नको, पाळीची मुख्य नको. मला निळं पिंप आठवलं, तिचा प्रश्न आठवला, आणि माझं उत्तर. हे सगळं मला तिथे मोहाच्या झाडाखाली उभ्या उभ्या कळलं, आणि मला राग आला. कोणाचा आला ते मला अजून नीट सांगता येत नाही.

काकांनी कोंबडा खाली सोडला. तो दोन पावलं चालला, मान वाकडी करून पानाकडे बघितलं आणि उभा राहिला. रैनीचा श्वास मला ऐकू येत होता. मग कोंबड्यानं मान खाली घातली आणि दाणा टिपला. बायकांमध्ये कुजबूज झाली. रैनीचा चेहरा उतरला, अगदी बघवेना असा. पण कोंबड्यानं तो दाणा चोचीतून खाली टाकला. कुक्-कुक् केलं, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. पुन्हा कुक्-कुक्. आजूबाजूला कोंबडी नव्हती, तरी तो मान वर करून इकडेतिकडे बघत होता.

आता वाद सुरू झाला. रैनीचा आजा म्हणाला, टिपला, म्हणजे झालं. दुसरे कोणी म्हणाले, टिपला पण खाल्ला कुठे. गोंडीतून बरंच बोलणं झालं, मला थोडं कळलं, बरंच नाही कळलं. काही माणसं कोंबड्याजवळ उकिडवी बसून बघायला लागली. तो आपला दाणा उचलतोय आणि टाकतोय. शेवटी गायताकाका माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "बाई, तुमी कोंबड्याइच्या मास्तरीण. तुमीच सांगा, यानं खाल्ला का नाई खाल्ला?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. नोकरीत मी किती पोरांना पास-नापास केलं, पण असा पेपर माझ्यासमोर कधी आला नव्हता. खरं सांगायचं तर 'खाल्ला' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. कोणी शंका घेतली नसती. व्यवस्थापकांना दिलेला माझा शब्द राहिला असता. माझ्या केंद्रातून हॅचरीत लागलेली पहिली पोरगी, हे वाक्य मी मनात कितीदा म्हणून ठेवलेलं होतं. आणि रैनी गेली असती. ती भांडणारी पोरगी नव्हती. ती गेली असती आणि तिनं ते काम उत्तम केलं असतं.

मी म्हटलं, नाही खाल्ला. मग मास्तरीण म्हणवते म्हणून समजावूनही सांगितलं, की कोंबड्याला स्वतःला खायचं नसलं की तो असंच करतो. दाणा उचलतो, टाकतो आणि कोंबड्यांना हाक मारतो, की या, इथे खायला आहे. स्वतः गिळत नाही. काकांनी मान हलवली, पानावरचे तांदूळ हातानं गोळा केले आणि गोंडीत दोन वाक्यं बोलले. माणसं उठली. आजा थोडा खट्टू झाला, आईनं डोळ्यांना पदर लावला. तो सुटकेनं की वाईट वाटून, ते मी विचारलं नाही.

व्यवस्थापकांना मी फोन केला, की पोरगी येत नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कोंबडा नाही म्हणाला. ते हसले. त्यानंतर त्यांनी माझ्या पोरांना घेतलं, पण पोरींबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते मला लागून राहिलं आहे. रैनी आता आसपासच्या गावांत मानमोडीची लस देते. या रोगात कोंबडीची मान पिळवटते आणि गावच्या गाव साफ होतं. ती बर्फाचा डबा मोटरसायकलला बांधून हिंडते. तिला जे मिळतं त्यात हॅचरीच्या पगाराची बरोबरी नाही. ती सुखात आहे का? फोनवर तरी आवाज सुखातल्या पिल्लांसारखा बारीक असतो. पण हे मी लिहिते आणि लगेच वाटतं, हॅचरीत गेली असती तर आज कुठे असती? हे वाटणं थांबत नाही, म्हणून तर या टेबलाशी मला बसवत नाही.

त्या दिवशी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. कोंबडा तिच्या काखेत होता, कारण तो आता घरी परत जाणार होता. मग तिनं चालता चालता अंगठ्यानं त्याची गळ्याखालची पिशवी दाबली, मी शिकवलं होतं तशी, अलगद.

"बाई, तुमी पाह्यलं होतं ना?"

"पाहिलं."

"मंग काऊन नाई सांगितलं, का याले चारलं हाय म्हणून?"

"मला खाल्ला का एवढंच विचारलं होतं. कोणी चारलं का, ते कोणी विचारलं नाही."

ती खुदकन हसली. मला मात्र हसू येईना. मी तिला म्हटलं, अगं, जायचं नव्हतं तर मला सरळ सांगायचं. एवढा खटाटोप कशाला केलास? मी काय तुला खाल्लं असतं?

तिनं कोंबडा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"तुमाले कसं सांगू, बाई? तुमी लय खुश होत्या." मग म्हणाली, "त्यापरीस पेनाले सांगणं सोपं होतं."

गाडी आली. मी चढले, ती खाली उभी राहिली. गाडीत गर्दी नव्हती, खिडकीशी जागा होती, कंडक्टरनं बसा म्हणून दोनदा सांगितलं. एटापल्लीपर्यंत मी दांडा धरून उभीच आले.